मास्तर गप्प बसले तो सामना

आमच्या टेलरमास्तरांबद्दल एकेकाळी अशी कुजबुज होती, की त्यांनी आपली मुलगी कोचसरांच्या मुलाला द्यायचं ठरवलं आणि व्याह्यांची आब राखायची म्हणून हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तोंड उघडलं नाही. ही बातमी सकाळी चष्मेवाल्याच्या दुकानातून निघाली, दुपारी बेकरीपाशी तिला मुलीचा होकार मिळाला, आणि संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी पोचली तेव्हा लग्नाची तारीखसुद्धा पक्की झाली होती. मास्तरांची मुलगी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. कोचसरांना मुलगाच नव्हता, दोन मुली होत्या. पण एवढ्यातेवढ्यासाठी चांगली तयार झालेली अफवा कोण टाकून देतो?

आता मास्तरांचं तोंड बंद राहणं ही एवढी मोठी गोष्ट का, ते आधी सांगायला हवं.

आमच्याकडे बास्केटबॉलचा एक बंदिस्त हॉल आहे. वरती पत्रा, खाली लाकडी जमीन, तीन बाजूंनी पायऱ्या. हॉलच्या समोरच्या इमारतीत, जिन्याखाली, मास्तरांचं दुकान. पुढे सात फूट उंच आणि मागे जिना खाली येतो म्हणून जेमतेम चार फूट. मागच्या भागात वहिनी, म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, काज-बटणं करायला बसत. त्या बुटक्या, त्यांना चालायचं. मास्तर उंच. इस्त्री घ्यायला मागे गेले की कपाळ जिन्याला लागायचं. तीस वर्षं रोज लागलं, आणि तीस वर्षं रोज त्यांनी जिन्याकडे असं बघितलं, की जणू तो कालच बांधलाय.

कोट शिवावा तर मास्तरांनी. बँकेचे मॅनेजर, कोर्टातले वकील, कधी तरी एकदाच कोट घालणारे नवरदेव, सगळे तिथेच यायचे. माप घेण्याची त्यांची रीत ठरलेली. "सरळ उभे राहा. हात खाली. श्वास सोडा. भिंतीकडे बघा." गिऱ्हाईक जरा हललं तर मास्तर चिडायचे. ओठांत कायम चार-पाच टाचण्या, त्यामुळे चिडणंही ओठ मिटूनच. एकदा "उं" म्हणाले तर वळायचं, दोनदा म्हणाले तर हलायचं नाही, हे मोठमोठ्या वकिलांनाही पाठ होतं. वहिनी मागून म्हणायच्या, "अहो, एखाद दिवशी गिळाल त्या." मास्तर म्हणायचे, "उं-उं."

दिवसभर असं तोंड मिटून काढलेला हा माणूस सामन्याच्या संध्याकाळी त्याचं सगळं उट्टं काढायचा. तिसरी पायरी, कडेची जागा, आमच्या बेंचच्या बरोबर मागे. शेजारी वहिनी, पलीकडे चष्मेवाला. खेळ सुरू झाला की मास्तरांचा आवाज पत्र्याला लागून परत यायचा. ते खेळाडूंना कधी बोलत नसत. त्यांचं सगळं कोचसरांशी.

"सर, झोन लावा की! काय बघताय?"

"सर, तो दमलाय, बसवा त्याला!"

आणि सामन्याच्या शेवटी शेवटी, गुण जवळ आले की, ती सगळ्यांच्या ओळखीची आरोळी: "टाइमआउट! सर, टाइमआउट घ्या!"

गंमत अशी, की कोचसर खरंच घ्यायचे. ते दिवसा शाळेत भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी टीम सांभाळायचे. अतिशय सज्जन माणूस. कुणी जोरात बोललं की त्याचंच बरोबर असणार, असं मानणारे. मास्तर ओरडले की त्यांचे दोन हात आपोआप वर येऊन टाइमआउटची, म्हणजे मिनिटभर खेळ थांबवायची, खूण करायचे. चष्मेवाला म्हणायचा, "शिट्टी सरांच्या गळ्यात, पण फुंकर मास्तरांची." त्यावरून मास्तरांचं नाव पडलं टाइमआउटमास्तर. त्यांना ते आवडायचं. वरवर रागवायचे, पण दुकानाच्या पाटीखाली कुणीतरी खडूने लिहिलं तर ते पुसायचे नाहीत.

तर त्या वर्षी टीमची अगदी दशा झाली होती. वीसपैकी चौदा सामने हरलो होतो. शेवटचा सामना नदीपलीकडच्या टीमशी, त्यांचीही तीच गत. जो हरेल तो खालच्या गटात जाणार. आमचा सेक्रेटरी, पाइप-नळांचा व्यापारी, त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं: "खाली गेलो तर सोमवारपासून सरांनी यायची तसदी घेऊ नये."

कोचसरांचं पोट त्यावर नव्हतं, शाळा होती. पण बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, दोन्ही मुली लग्न होऊन परगावी, आणि घरी संध्याकाळी बोलायला फक्त रेडिओ. बारा वर्षं त्यांच्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये गेल्या होत्या. त्या काढून घेतल्या तर त्यांच्याकडे काय उरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मास्तरांनाही. मास्तर घरी वहिनींना म्हणाले, "त्या माणसाला खेळातलं ओ का ठो कळत नाही. पण काढायला नको ग."

याच सुमारास गाद्यांच्या कारखानदाराला दानाची हुक्की आली. त्यानं टीमला नव्या पिवळ्या जर्सी दिल्या. आल्या त्या सगळ्या दोन-दोन मापं मोठ्या. खेळाडूंनी घातल्या तर बारा गाद्यांना खोळी चढवल्यासारखं दिसायला लागलं. सेक्रेटरीनं गठ्ठा उचलला आणि समोर मास्तरांच्या दुकानात नेऊन टाकला. "चार दिवसांत आटपा. शेवटचा सामना आहे, पोरं निदान दिसू तरी देत बरी."

मास्तरांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मानाचं काम. त्यांनी दोन वकिलांचे कोट बाजूला ठेवले. एकेक खेळाडूला बोलावून माप घेतलं. सरळ उभा राहा, हात खाली, श्वास सोड, भिंतीकडे बघ. टीममधला सगळ्यात उंच मुलगा, त्याला शिडी म्हणायचे, त्याच्यासाठी मास्तर स्टुलावर चढले. शिडी म्हणाला, "मास्तर, जरा सैल असू द्या हं. हात हलवायचे असतात."

मास्तर म्हणाले, "उं-उं."

शिडी हलायचा थांबला.

जर्सी तयार झाल्या तेव्हा बघत राहावं असं काम होतं. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. बिनबाह्यांच्या कपड्यात हात जिथून बाहेर येतो, त्या गोलाला शिंपी मुंढा म्हणतात. ते चोवीस मुंढे असे काखेला लागून बसले होते, की खेळाडू ओळीने उभे राहिले तर वाटावं, आता यांचा फोटो बँकेत लागणार.

सामन्याला हॉल गच्च भरला. खेळ सुरू झाला आणि आमच्या पोरांचे हात जणू बांधल्यासारखे. शिडी बास्केटखाली उभा राहून चेंडू टाकायचा, तो रिंगच्या वीतभर खाली. फ्री थ्रो आठ मिळाले, सात वाया. समोरच्यांचा माणूस वरून चेंडू मारायचा आणि आमचे तिघं खांद्याएवढे हात करून त्याच्याकडे बघायचे.

पायऱ्यांवर लोक खवळले.

"बारा वर्षांत नेम धरायला नाही शिकवला या माणसानं!"

"भूगोल शिकवतो ना, म्हणून चेंडू दुसऱ्याच देशात जातोय!"

चष्मेवाला म्हणाला, "मी फुकट तपासून देतो सगळ्यांचे डोळे. कोचचे आधी."

आणि या सगळ्यांवर मास्तरांचा आवाज. "सर! हात वर करायला सांगा त्यांना! अरे, हात वर करा! बारा वर्षं झाली, सर, पोरांना हातसुद्धा वर करायला शिकवलं नाहीत तुम्ही?"

कोचसर एकदा वळून बघायचे, मग पोरांना ओरडून सांगायचे, "हात वर! हात वर!" पोरं बिचारी लाल होईपर्यंत जोर लावायची.

वहिनी सामना कधी फारसा बघत नसत. त्यांचं लक्ष कापडाकडे. त्या बराच वेळ शिडीच्या काखेकडे बघत होत्या. मग त्यांनी मास्तरांच्या सदऱ्याची बाही ओढली.

"अहो."

"थांब ग. सर! हात..."

"अहो, ऐका. ती पोरं हात वर करत नाहीत असं नाही. हात वर जात नाहीयेत."

मास्तरांनी मैदानाकडे बघितलं. शिडीनं उडी मारली, हात उचलला, आणि पूर्ण जर्सी त्याच्याबरोबर वर आली. पोट उघडं पडलं. मुंढा काखेत रुतला आणि हात कानाच्या खालीच अडला.

मास्तरांनी तीस वर्षं उभ्या माणसांचे कपडे शिवले होते. हात खाली सोडून भिंतीकडे बघणाऱ्या माणसांचे.

अर्धा वेळ संपला तेव्हा आमचे एकोणीस आणि त्यांचे चौतीस. चष्मेवाला चहाला उठला आणि परत आला तर शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या. त्याला आयतं खाद्य मिळालं.

खाली खेळाडूंच्या खोलीत कोचसर फळ्यासमोर खडू धरून उभे होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दार ढकलून मास्तर आत आले, गळ्यात टेप, हातात कात्रीची पिशवी. मागून वहिनी आल्या तशी पोरं टॉवेल शोधायला धावली.

"गप बसा रे," वहिनी म्हणाल्या. "तीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवतेय मी."

मास्तर कोचसरांपुढे उभे राहिले. सरळ, हात खाली.

"सर, मी चुकलो."

"नाही हो मास्तर, तुमचं बरोबर आहे. मीच शिकवायला कमी पडलो. आजच माझ्या लक्षात आलं, हातसुद्धा..."

"सर, ऐका माझं. तुमचं काही चुकलेलं नाही. मुंढे चुकलेत. मी दोन बोटं आत घेतलेत. त्यांचा हात वर जाणारच नाही, देव खाली आला तरी."

कोचसरांनी शिडीकडे बघितलं. शिडी म्हणाला, "मी सांगणार होतो सर. पण म्हटलं नवीन जर्सी आहे, अंगाला बसेल हळूहळू."

"जुन्या जर्सी कुठायत?" कोचसरांनी विचारलं.

जुन्या जर्सींचे हॉलच्या राखणदारानं आदल्याच दिवशी फरशी पुसायचे बोळे केले होते. अकरा नंबर बादलीत होता.

"किती वेळ आहे?" वहिनींनी विचारलं.

"अकरा मिनिटं."

"काढा रे सगळे," वहिनी म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

मास्तर ब्लेडनं काखेतली शिवण उसवत होते, वहिनी उघड्या कडेला कच्चा टाका घालत होत्या. कोचसर वरचा दिवा पुरत नव्हता म्हणून टॉर्च धरून उभे. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते दोघं एकमेकांशी न ओरडता बोलत होते. सात जर्सी पुऱ्या झाल्या. उरलेल्या पाच नुसत्या उसवल्या, टाक्याला वेळच उरला नाही.

शिट्टी वाजली. पोरं दाराशी जमली तेव्हा कोचसर म्हणाले, "काखेतली गोष्ट काखेतच राहू दे. मास्तरांचा धंदा आहे. बाहेर कुणी बोलायचं नाही."

मास्तरांनी सुई सदऱ्याला टोचून ठेवली. मग म्हणाले, "सर, कच्चा टाका आहे, उडी मारली की सुटणार. मला इथेच बसू द्या. सुटला की घालत जाईन."

तेव्हा दुसरा अर्धा सुरू झाला आणि सगळ्या हॉलनं बघितलं, की बेंचच्या टोकाला, कोचसरांच्या मांडीला मांडी लावून, मास्तर बसलेत. पंच आला. "हे कोण?"

"टीमचे डॉक्टर," कोचसर म्हणाले. आयुष्यातली पहिलीच थाप असावी, कारण कान लाल झाले होते.

पंचानं गळ्यातल्या इंचटेपकडे बघितलं. "कसले डॉक्टर?"

"हाताचे," मास्तर म्हणाले. पंचाला उशीर होत होता. तो गेला.

वर पायऱ्यांवर चष्मेवाल्याला धाप लागली. "बघा! बघा! आतून काहीतरी ठरवून आलेत. अर्ध्या वेळात गायब, आणि आता मांडीला मांडी!" मागच्या पायरीवरची कुणी बाई म्हणाली, "त्यांच्या मुलीचं वय झालंय ना लग्नाचं?" बस, बी तिथे पडलं.

मैदानावर मात्र हात वर जायला लागले होते. शिडीनं पहिल्याच चेंडूला रिंग वाजवली. दुसरा आत. तिसरा आत. मुंढ्यातून पिवळे धागे लोंबत होते, लोकांना वाटलं झटापटीत फाटलं. कुणाची जर्सी सुटली की तो बाहेर यायचा, मास्तर दोन टाके घालायचे, तो परत आत. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी फरक सहाचा. चौथ्यात दोनाचा. हॉलमधले लोक उभेच राहिले. आणि त्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट सगळ्यांच्या कानाला खटकत होती: मास्तर ओरडत नव्हते. "झोन लावा" नाही, "बसवा त्याला" नाही. नुसते बसले होते, ओठ मिटून.

बारा सेकंद उरली असताना समोरच्यांनी बास्केट केली. त्यांचे बासष्ट, आमचे एकसष्ट. घड्याळ थांबलं. एक टाइमआउट आमच्याकडे शिल्लक होता. अशा वेळी काय होतं हे नदीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं: मास्तर ओरडणार, सरांचे हात वर येणार. समोरचे दोन खेळाडू तर सवयीनं आपल्या बेंचकडे वळलेसुद्धा, पाणी प्यायला. पूर्ण हॉलनं मास्तरांकडे मान वळवली. कोचसरांनीही.

मास्तर काही बोलले नाहीत.

आमचा एक बुटका खेळाडू होता, त्याच्या हातात चेंडू. तोही टाइमआउटची वाट बघत होता, पण आरोळी आली नाही तेव्हा त्यानं समोर बघितलं. शिडी पलीकडच्या बास्केटखाली एकटा उभा होता. त्यानं चेंडू लांबून फेकला. शिडीनं हात वर केला, पुरा, कोपरापासून सरळ, उजव्या मुंढ्याचा टाका टर्रकन तुटला, आणि चेंडू आत. त्रेसष्ट.

त्यांना आठ सेकंद मिळाली. चेंडू रिंगला लागून बाहेर गेला. आम्ही वरच्याच गटात राहिलो.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: "टाइमआउट न घेण्याचा धाडसी डाव, कोचचं थंड डोकं." सेक्रेटरीनं कोचसरांचा हात इतका वेळ हलवला, की त्यांना तो दुसऱ्या हातानं सोडवून घ्यावा लागला. कोचसर पुढे नऊ वर्षं टीमबरोबर राहिले, निवृत्तीनंतरही. त्या धाडसी डावाबद्दल त्यांना एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "कसला डाव? मी वाट बघत होतो. मास्तर ओरडले की घ्यायचा, एवढंच ठरलेलं होतं माझं."

मास्तरांची अडचण वेगळी होती. अफवा खोटी आहे म्हणावं, तर बेंचवर का बसलात हे सांगावं लागणार. ते सांगावं, तर मुंढे निघणार. आणि बारा खेळाडूंचे हात बांधून टाकणाऱ्या शिंप्याकडे कोट कोण टाकणार? म्हणून त्यांनी गुपचूप सोसलं. घरी मुलगी म्हणाली, "बाबा, लग्न ठरलंय तर ठरू दे, पण मुलगा कोण आहे ते तरी विचारून या." महिनाभरानं अफवा आपोआप विझली, कारण चष्मेवाल्याला दुसरी चांगली मिळाली. मुलीनं पुढे एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं, त्याबद्दल मात्र कुणालाही आधी पत्ता लागला नाही. चष्मेवाला कितीतरी दिवस दुखावला होता.

पुढच्या हंगामात मास्तर परत तिसऱ्या पायरीवर आले. बोलायचे, पण बेतानं. ओरडायच्या आधी एकदा खेळाडूंच्या काखेकडे बघायचे. कोचसरांनाही हळूहळू आपले आपण टाइमआउट घ्यायची सवय लागली. निम्मे चुकायचे, पण आपले आपण चुकायचे. सामन्यानंतर दोघं जिन्याखाली चहा पीत बसायचे. उठताना आता दोघांचंही कपाळ आपटायचं.

दुकानात मात्र एक बदल कायमचा झाला. कोटाचं माप घेऊन झालं, की मास्तर टाचण्या काढून ठेवत आणि म्हणत, "आता हात वर करा." बँकेचे मॅनेजर, वकील, नवरदेव, सगळे जिन्याखाली दोन्ही हात वर करून उभे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आत दरोडा पडलाय.

मास्तर त्या दिवशी का बोलले नाहीत, याचे पुढे तीन पाठ झाले. एक व्याह्यांचा. दुसरा, की समोरच्यांना फसवायला दोघांनी आतून डाव रचला होता, हा पेपरवाल्यांचा. तिसरा, की चुकीची लाज वाटून माणूस मुका झाला; हा माझा होता, आणि मला तो फार आवडायचा. मागच्या वर्षी दुकान बंद झालं तेव्हा वहिनी सामान बांधत होत्या, त्यांना तो मी ऐकवला. त्यांनी शेवटचं बटण डब्यात टाकलं आणि झाकण लावता लावता त्या म्हणाल्या,

"अहो, त्या वेळी बेंचवर यांच्या ओठांत पाच टाचण्या होत्या."